सिंधुदुर्गातले गोडे पाणी

आज सकाळी मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला, त्याच्या चहूबाजूंनी समुद्र आहे आणि तरीही आतल्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. पावसाचे मुरलेले पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे बेटाच्या पोटात त्याच्यावर तरंगून राहते, हे वाचलेले होते. पण ओठांवर खारा वारा असताना ओंजळीतल्या घोटात मिठाचा लवलेशही नसावा, याचे नवल काही ओसरत नाही. याच किनाऱ्यालगतच्या समुद्राला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला, कारण इथल्या बुडालेल्या खडकांवर प्रवाळ वाढतात. परतताना ओहोटी लागली होती आणि शेवाळलेले काळे खडक एकेक करून वर येत होते.