कपाळ मोकळे का?

संक्रांतीच्या हळदीकुंकवात, दादरच्या फलाटावर, कधी सोसायटीच्या जिन्यातही मला विचारले जाते, "तुम्ही टिकली का लावत नाही?" विचारणाऱ्या बायकांच्या स्वरात काळजी असते, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

वीस वर्षे मी चिकटवायच्या टिकल्या लावल्या. ४२व्या वर्षी टिकलीखाली खाज सुटू लागली आणि काही महिन्यांत तिथे टिकलीएवढाच पांढरा डाग उमटला. तो झाकण्यासाठी मी मोठी टिकली लावू लागले, तसा डागही मोठा होत गेला. घरात मात्र कोड फुटले असे ठरले आणि सासूबाईंनी दूध-मासे एकत्र खाल्ल्याच्या दिवसांची उजळणी केली. दूध-माशांचा याच्याशी काहीही संबंध नाही.

त्वचारोगतज्ज्ञांनी कापसाचा बोळा फिरवून स्पर्श कळतो का, ते आधी पाहिले, कारण कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी होते. पांढऱ्या डागांना 'श्वेतकुष्ठ' म्हणणे म्हणूनच चूक आहे आणि त्या शब्दाने माणसे तोडली जातात. मग त्यांनी टिकलीचे पाकीट मागितले. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉल असते. ज्या टायरोसिनपासून त्वचेचा रंग बनतो त्याच्याशी या रसायनाची घडण इतकी मिळतीजुळती असते की रंगपेशीतले रंग बनवणारे विकर (एन्झाइम) त्यावरच काम करू लागते आणि त्यातून निघणाऱ्या घातक द्रव्यांनी पेशी मरते. १९३९ साली अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात रबरी हातमोजे वापरणाऱ्या कामगारांच्या हातांवर अशाच जातीच्या रसायनाने डाग पडल्याची नोंद आहे; रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही ते पडतात. कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच रंगपेशींवर उठते. निम्म्या रुग्णांत ते विशीच्या आत दिसते, तरी चाळिशीतही येऊ शकते. दोन्ही डाग नुसत्या डोळ्यांनी सारखेच दिसतात आणि दोन्हींपैकी एकही संसर्गाने पसरत नाही.

टिकली त्याच दिवशी सुटली. टॅक्रोलिमसचे मलम आणि ३११ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश असे उपचार झाले. केसांच्या मुळाशी रंगपेशींचा साठा असतो, त्यामुळे रंग परतला तो बारीक लवेभोवती, तपकिरी ठिपक्यांनी. पहिला ठिपका दिसला तेव्हा मी आरशासमोरून बराच वेळ हलले नाही. आता मसुरीएवढा डाग उरला आहे आणि तो मी झाकत नाही. हळदीकुंकवाला बोलवा, मी येईन. कुंकू मात्र कपाळाला न लावता माझ्या हातात पुडीत द्या.