माझा अनुभव: ओआहूच्या कोरड्या किनाऱ्यावर झुडपी रान पुन्हा उभं करताना

हवाईतल्या ओआहू बेटाची पश्चिम बाजू वायानाए डोंगररांगेच्या पर्जन्यछायेत येते. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक नोव्हेंबर ते मार्चमध्ये. समुद्रालगतच्या या सखल पट्ट्याचं मूळ रूप म्हणजे गुडघ्याकमरेपर्यंतची झुडपं आणि मधूनमधून गवताचे ठोंब. इथल्या एका स्वयंसेवी गटाबरोबर मी हे रान परत आणायचं काम करतो. लावणी हा त्यातला सगळ्यांत सोपा भाग. खरी लढाई गवताशी आहे.

मराठी माणसाला इथली झाडं परकी वाटत नाहीत. पिवळ्या फुलांची इलिमा ही आपल्या चिकण्याच्या कुळातली, आआलिइ म्हणजे आपल्याकडचं जखमी नावाचं झुडूप, आणि पिली म्हणजे कुसळी गवत. शत्रूही ओळखीचेच: सुबाभूळ आणि गिनी गवत. दोन्ही बाहेरून आणलेली. गिनी गवत उन्हाळ्यात वाळून उभं राहतं, पेटतं, आणि आगीनंतर बुंध्यातून पुन्हा फुटतं. देशी झुडपं मात्र मरतात आणि त्यांची जागाही गवतच घेतं. 8 ऑगस्ट 2023 ला माउई बेटावरच्या लाहैनात आग पसरली, तेव्हा पडीक ऊसशेतांतल्या अशाच बाहेरच्या गवतांनी तिला खाद्य पुरवलं होतं.

म्हणून आमचं काम सप्टेंबरात गवतापासून सुरू होतं. गवत घोट्याइतकं ठेवून कापायचं आणि लगेच फवारायचं नाही. जुन्या, वाळक्या पात्यांवर औषध वाया जातं. नवी फूट वीतभर किंवा थोडी जास्त झाली की वारा पडलेल्या सकाळी दोन टक्के ग्लायफोसेट हे तणनाशक फवारायचं. पहिल्या पावसानंतर जमिनीतलं बी उगवतं, ते पुन्हा मारायचं. ही दुसरी फेरी घाईत टाळली, तर रोपं फेब्रुवारीपर्यंत गवतात दिसेनाशी होतात. सुबाभूळ नुसती कापली तर एका खोडाचे पाच होतात. खुंट जमिनीलगत कापून पाच मिनिटांच्या आत सालीलगतच्या ओल्या कड्यावर ट्रायक्लोपिर हे झुडपं मारणारं तणनाशक लावायचं. तरीही तिचं बी मातीत कित्येक वर्षं टिकतं, त्यामुळे रोपटी उपटायला दर पावसाळ्यात यावंच लागतं.

बियाणं आधीच गोळा केलेलं असतं. सरकारी जमिनीवर त्यासाठी परवाना लागतो, आणि एकाच झाडाचं सगळं बी काढायचं नाही. आआलिइची बोंडं कागदासारखी पातळ, लालसर, बहुधा तीन पंखांची. हातावर चुरडून फुंकर मारली की टरफलं उडतात आणि काळं, मोहरीपेक्षा थोडं मोठं बी उरतं. त्यावर उकळून उतरवलेलं पाणी ओतायचं आणि रात्रभर तसंच राहू द्यायचं. इलिमाचं कवच सँडपेपरवर हलकेच घासायचं, पांढरा भाग दिसायच्या आत थांबायचं. पिलीचं ताजं बी मात्र उगवतच नाही. ते कोरड्या जागी वर्षभर ठेवावं लागतं.

लावणी डिसेंबरात. उशीर केला तर मुळं खोल जायच्या आत उन्हाळा गाठतो. खड्डा कुंडीच्या दीडपट रुंद, खत अजिबात नाही. खताचा फायदा रोपाआधी तणालाच होतो. पहिले दोन महिने पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा रोपामागे चार लिटर पाणी, पुढे पंधरवड्याने. रोज थोडंथोडं शिंपडलं तर मुळं वरच राहतात. आच्छादनाला लाकडी भुसा आम्ही आणत नाही, कारण नारळावरचा गेंडा भुंगा ओआहूवर पोहोचलाय आणि तो अशा कुजणाऱ्या भुशात अंडी घालतो. त्याऐवजी रोपाभोवती दगड मांडतो. त्याखाली ओल टिकते, आणि गवत कापायच्या यंत्रापासून खोडही वाचतं.

साफसफाईच्या उत्साहात एक नुकसान हमखास होतं, आणि नव्या लोकांना मी ते आवर्जून सांगतो: नाउपाका या किनाऱ्यावरच्या झुडपाच्या वाळलेल्या, पोकळ फांद्या तोडू नका. हवाईच्या मूळच्या पिवळ्या तोंडाच्या छोट्या मधमाश्या त्यात घर करतात. त्यांच्या सात जाती 2016 मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आल्या. त्या यादीतल्या त्या पहिल्याच मधमाश्या. गवत वाळलं की काढायचं, पण झुडपाचं वाळलेलं लाकूड राहू द्यायचं.

शेळ्यारानडुकरं येत असतील, तर आधी कुंपण. बेटाच्या टोकाला काएना पॉइंटवर 2011 साली उंदरांनाही रोखणारं बारीक जाळीचं कुंपण पूर्ण झालं, आत सुमारे 20 हेक्टर जागा. तिथे समुद्रपक्षी जमिनीत बिळं करतात. पायवाट सोडून चाललं तर बीळ ढासळतं आणि आतलं पिल्लू गाडलं जातं. आत जाण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने घासायचे, खाचांत अडकलेली कुसळं एकेक करून चिमट्याने काढायची.