प्रार्थनेच्या यादीतली कादंबरी

‘तुमच्या लोकांत कादंबऱ्या लिहितात होय?’ हे मला इतक्यांनी विचारलंय की उत्तर पाठ झालंय. मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती ‘यमुनापर्यटन’, 1857 सालची, आणि ती लिहिणारे बाबा पदमनजी आमच्यासारखेच ख्रिस्ती होते. समोरचा ‘हो का!’ म्हणतो आणि विषय डब्यातल्या भाजीकडे वळतो. माझं तेवढ्यावर भागत नव्हतं. मी स्वतः कादंबरी लिहायला घेतली होती आणि पदमनजी वाचून माझी पंचाईत झाली होती. विधवांचे हाल त्यांनी जवळून पाहिलेत, ते पानोपानी कळतं. पण एखाद्या बाईचं दुःख आपल्या अंगावर येऊ लागलं रे लागलं की उपदेश सुरू होतो. मला त्यांच्याबद्दल आदर वाटायचा आणि रागही यायचा. राग बहुधा यासाठी की माझ्या वहीतही तेच होत होतं.

माझी कादंबरी 1972 च्या दुष्काळातली. नगर जिल्ह्यातलं एक खेडं, तिथली छोटी मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, आणि तिचा पाळक, म्हणजे धर्मगुरू. रविवारी चर्चची घंटा होते, पण माणसं खडी फोडायला गेलेली. रोजगार हमीचा कायदा 1977 चा, म्हणजे पुढची गोष्ट. तेव्हा नुसती ‘दुष्काळी कामं’ म्हणायचे. लोक अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे तिकडच्या ज्वारीच्या, भाकरी खात होते आणि पोरं सुकडीच्या पौष्टिक खाऊसाठी रांगेत उभी होती. असल्या दिवसांत माझ्या पाळकाची प्रार्थना थांबते. तो उपासना चालवतो, मयताला जातो, बाप्तिस्मा देतो, पण एकटा असताना त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. एवढंच कथानक. बाकी सगळी माणसं.

माहिती गोळा करण्याचे दिवस सर्वांत सुखाचे गेले. नगर, राहुरी, नेवासे या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडे मी सुट्टीत जाऊन बसायचे. एका आजींनी खडीच्या ढिगाचं माप कसं घ्यायचे, मुकादम त्यात कशी लबाडी करायचा आणि उन्हात तापलेला हातोडा पदराने कसा धरायचा, हे सगळं मला करून दाखवलं. ‘देव आठवायचा का तेव्हा?’ असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘आठवायचा की. पण आधी पाणी आठवायचं.’ हे वाक्य मी जसंच्या तसं कादंबरीत घातलं, त्यांना विचारून.

लिहिण्याचा वेळ म्हणजे पहाटेचा. शाळा, पेपर तपासणी, रविवारची संडे स्कूल, घरात सासूबाईंचं आजारपण. उरतं काय तर नळाला पाणी येण्याआधीचा तास-दीड तास. बसण्याआधी प्रार्थना करायचे. सुरुवातीला मी देवाकडे ‘चांगलं लिहून घे’ असं मागत असे. नंतर नुसतं ‘आज उठवू नकोस’ एवढंच मागू लागले, म्हणजे टेबलावरून. ही प्रार्थना मात्र बऱ्याचदा ऐकली गेली.

लिखाणातला खरा झगडा प्रवचनाचा होता. पाळक आहे म्हटल्यावर तो प्रवचन करणारच, आणि प्रवचन आलं की माझी लेखणी सैल सुटायची. छान छान परिच्छेद व्हायचे, मलाच भरून यायचं. पण वाचून दाखवताना नवऱ्याची नजर मोबाइलकडे जायची. शेवटी ते सगळं काढलं. आता माझा पाळक रिकाम्या बाकांसमोर उभा राहतो, शास्त्रपाठ वाचतो, पुस्तक मिटतो आणि घरी जातो. तो प्रसंग अर्ध्या पानाचा आहे, आणि अख्ख्या हस्तलिखितात माझा सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर आहे. या बाबतीत मला लक्ष्मीबाई टिळकांनी हात दिला. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई ‘स्मृतिचित्रे’त स्वतःच्या नवऱ्याला, म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना, हसते, त्यांच्यावर चिडते, आणि तरी त्या घरात श्रद्धा आहे हे वाचणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. टिळकांचं ख्रिस्तचरित्रावरचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, तर पुढचे 64 अध्याय तिनेच रचले. उत्साह मावळला की मी हा आकडा आठवायचे आणि निमूट वही उघडायचे.

आमच्या घरगुती प्रार्थनेत काही भाग वाचून दाखवला, तेव्हापासून माझी कादंबरी प्रार्थनेच्या विषयांत गेली. कुणाचा मुतखडा, कुणाच्या मुलाची बारावी, कुणाचं जमेना असं लग्न, आणि ‘ताईंचं पुस्तक’. मुतखडा पडला, मुलगा पास झाला, लग्नही झालं. पुस्तक यादीत राहिलं. दर वेळी सगळे माझ्याकडे ज्या मायेने बघत, ती सोसणं नकारांपेक्षा जड होतं.

नकार तऱ्हेतऱ्हेचे आले. एका प्रकाशकाने ‘लेखन प्रामाणिक आहे, पण वाचकवर्ग मर्यादित’ असं कळवलं. दुसऱ्यांनी फोनवर आवाज खाली घेऊन ‘सध्याच्या दिवसांत हा विषय नको’ म्हटलं. हस्तलिखितात धर्मांतराचा एकही प्रसंग नाही, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. तिसऱ्यांना ते फार आवडलं, फक्त छपाईचा खर्च माझा आणि प्रती खपवायच्याही मीच. आणि धार्मिक पुस्तकं काढणाऱ्या एकांची अट होती की शेवटच्या प्रकरणात पाळकाने मंडळीपुढे आपल्या श्रद्धेची साक्ष द्यावी. आमच्या मंडळीतल्या एका वडीलजनांचंही, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एकांचंही, तेच म्हणणं. ‘पाळकच डळमळला तर कळपाने काय करायचं?’ मी त्यांना बायबलमधलं स्तोत्र 88 काढून दिलं. ते अंधारातच संपतं, दिलासा न देता. त्यांनी ते सावकाश वाचलं आणि म्हणाले, ‘ते पवित्र शास्त्र आहे. तू शास्त्र लिहितेस का?’ यावर मला काही बोलता आलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

त्यानंतर काही काळ मी थांबले. देवाच्या मनात असेल तर तोच मार्ग काढील, असं सगळ्यांना सांगत होते, ऐकायलाही बरं वाटायचं. आई म्हणाली, ‘काढील गं, पण पोस्टात तुलाच जावं लागंल.’ गेले.

पुण्यातल्या एका लहान प्रकाशकाने अखेर हस्तलिखित ठेवून घेतलं. संपादक बाई हिंदू, चर्चची पायरी न चढलेल्या. पण पाळकाच्या बायकोचं पात्र कच्चं आहे हे त्यांनीच पहिल्यांदा दाखवलं. नवरा प्रार्थना करत नाही हे तिला कळतं की नाही, कळतं तर कधी? मी याचा विचारच टाळत आले होते. ती प्रकरणं नव्याने लिहिली, आणि आता ती बाईच कादंबरी ओढून नेते. नव्याने लिहिणाऱ्यांना एक सांगून ठेवते: राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिचे नियम आधी वाचा आणि मगच खिशात हात घाला.

सध्या मुद्रितं तपासतेय. मुखपृष्ठावर मावळत्या सूर्यासमोर भलामोठा क्रूस आला होता, तो घालवून खडीचा ढीग आणवला. यादीतून पुस्तकाचं नाव अजून काढलेलं नाही, छापून हातात येईपर्यंत काढायचं नाही म्हणतात. मंडळीत प्रतींची नोंदणी सुरू आहे. वडीलजनांनीही एक प्रत सांगितलीय. आधी शेवटचं प्रकरण वाचणार आणि मग पैसे द्यायचे की नाही ते ठरवणार, असा निरोप आहे.