भर दुपारी उणे आकडा

नवतप्यात संत्र्याच्या बागेत हौसेनं कोणी जात नाही. पण उन्हाचा पानावर काय परिणाम होतो हे पाहायचं तर तेच दिवस हवेत. म्हणून त्या मे महिन्यात आमची गाडी सकाळी सकाळी नागपूरहून कळमेश्वरच्या रस्त्याला लागायची. बाग ज्यांची, त्या काकाजींची तक्रार साधी होती. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची, फळं सुपारीएवढी झाली की गळतात. "पाणी तर भरपूर देऊन राहिलो, मॅडम. तरी गळून राहिली."

आमच्याकडे इर्गा, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, होता. पानाला चिमट्यासारखी एक डबी लावायची, तिच्यातून हवा खेळवायची आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा फरक मोजायचा. फरकाला अधिक चिन्ह आलं की पान कार्बन डायऑक्साइड आत घेतंय, म्हणजे कमावतंय. सकाळी आठच्या सुमाराला आकडा सात-आठाच्या आसपास होता. संत्र्यासाठी हे चांगलंच. लिंबूवर्गीय झाडं तशीही फार जोरकस कमावणारी नाहीत.

साडेअकरापासून आकडा घसरायला लागला. चार, मग दोन. एकच्या सुमाराला हवेचं तापमान पंचेचाळीसच्या पुढे गेलं, पान त्याहूनही दोन-तीन अंश तापलेलं, आणि पडद्यावर उणे चिन्ह उमटलं. डोक्यावर टळटळीत ऊन, आणि हिरवंगार पान कार्बन डायऑक्साइड घ्यायचा सोडून बाहेर टाकतंय. सोबतच्या मुलानं लगेच यंत्रावर संशय घेतला. ते बरोबरच होतं, उन्हाळ्यात आधी यंत्रच दगा देतं. डबी रिकामी ठेवून शून्य तपासलं, कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइम बदलला, गॅस्केट पुसलं, झाडाच्या दुसऱ्या बाजूचं पान घेतलं. पुन्हा उणे. काकाजी दुपट्टा सावरत मागे उभे होते. म्हणाले, "मशीन गरम झाली काय?"

मशीन ठीक होती. पानाच्या आत एकाच वेळी तीन गोष्टी चालल्या होत्या. पहिली सोपी. हवा इतकी कोरडी होती की मुळांनी कितीही पाणी ओढलं तरी पानातून उडणाऱ्या पाण्याला ते पुरं पडत नव्हतं, म्हणून पानानं आपली रंध्रं मिटून घेतली. आळ्यात चिखल असला तरी संत्रा हे करतो. रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, आणि घाम बंद झाल्यामुळे पान हवेपेक्षाही जास्त तापतं.

दुसरी गोष्ट रुबिस्को या विकराची. ते कार्बन डायऑक्साइड पकडतं, पण ऑक्सिजनही पकडतं. पंचवीस अंशांना साधारण चारातली एक पकड ऑक्सिजनची असते. तापमान चढलं की ही चूक वाढते, कारण पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा भराभर कमी होतो आणि रुबिस्कोची पारखही ढिली पडते. या चुकीच्या पकडीची भरपाई करताना पान आधी कमावलेला कार्बन गमावतं. त्यात श्वसनाचा खर्च वेगळाच.

तिसरी मला सगळ्यात रोचक वाटते. रुबिस्को स्वतः पन्नास अंशांपर्यंत तग धरतं, पण त्याला सतत मोकळं करणारं अ‍ॅक्टिवेज नावाचं मदतनीस प्रथिन त्याच्या कितीतरी आधी ढेपाळतं. 2000 साली अमेरिकेतल्या क्राफ्ट्स-ब्रँडनर आणि साल्वुची यांनी कपाशी आणि तंबाखूच्या पानांवर हे दाखवलं. याला बिघाड म्हणायचं की झाडानं स्वतःहून घातलेला आवर, यावर मतभेद आहेत. त्या दुपारनंतर माझा कल आवर म्हणण्याकडे झाला.

कारण ऊन काही थांबत नाही. पकडलेल्या प्रकाशाचं करायचं काय, हा प्रश्न उरतोच. तेव्हा पान व्हायोलाझँथिन या रंगद्रव्याचं झियाझँथिन करतं आणि जादा ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देतं. उष्माघात-प्रथिनं इतर प्रथिनांना सावरून धरतात. हे सगळं जमलं की नाही, ते पानातून परत येणारा मंद प्रकाश मोजणारा फ्लुरोमीटर सांगतो. पानाला अर्धा तास अंधारी क्लिप लावायची आणि मग वाचन घ्यायचं. प्रकाशयंत्रणा किती धड आहे हे सांगणारं एक गुणोत्तर त्यातून मिळतं. निरोगी पानाचं ते 0.83 च्या आसपास असतं. आमचं दुपारचं 0.66 होतं. इथे घाईनं "प्रकाशयंत्रणा खराब" असं लिहून मोकळं होता येतं. मी त्याच फांद्यांना रिबिनी बांधून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत परत आले. गुणोत्तर 0.79. खराब झालेली यंत्रणा एका रात्रीत इतकी सुधारत नाही. सावलीतून नुकतीच उन्हात आलेली काही पानं मात्र खरोखर भाजली होती, त्यांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या.

बांधावर चाऱ्याचा मका होता, म्हणून सहज त्यालाही डबी लावली. त्याचा आकडा दुपारीही शून्याच्या वरच होता. मका रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतो, त्यामुळे ऑक्सिजनची चूक त्याला फारशी नडत नाही. पण सकाळच्या मानाने तोही बराच खाली आलेला. अ‍ॅक्टिवेज त्याचंही नाजूकच.

काकाजींना मी एवढंच सांगितलं की झाड सकाळी चार तास कमावतं, दुपारी शटर ओढतं, आणि रात्र गरम असली की श्वसनात आणखी खर्च करतं. तेवढ्या कमाईत जितकी फळं पोसतील तितकी ते ठेवतं. सगळी गळ पाण्याअभावी नाही, तेव्हा दुपारी आणखी पाणी लावून फार काही वाचणार नाही. पाणी पहाटे द्या, आळ्यात गवताचं आच्छादन घाला, दुपारी फवारणी करू नका, जमलं तर केओलिन या पांढऱ्या मातीचा फवारा सकाळी मारा.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पहाटे कसं देऊ, मॅडम? या हप्त्यात लाइट दिवसाची हाये. दहाला येते."

पुढच्या हप्त्यात रात्रीची पाळी होती. तोवर गवत तरी पसरून घेऊ म्हणाले, आणि गड्याला हाक मारली.