दुसऱ्या स्विचवरचं ट्रॅफिक बघायचंय? आधी ट्रंकचा हिशेब

सर्व्हर एका स्विचवर आणि वायरशार्कवाला (पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्राम) लॅपटॉप तिसऱ्या स्विचवर असेल, तर साधं पोर्ट मिररिंग, म्हणजे एका पोर्टच्या ट्रॅफिकची कॉपी दुसऱ्या पोर्टवर काढणं, उपयोगाचं नाही; ते एकाच स्विचच्या पोर्टांपुरतं असतं. कॉपी ट्रंकवरून, म्हणजे स्विच एकमेकांना जोडणाऱ्या लिंकवरून, पलीकडे न्यायला सिस्कोच्या स्विचमध्ये आरस्पॅन (रिमोट स्पॅन) आहे. कमांड मोजून पाच-सहा, पण घोळ होतो तो ट्रंकवर.

समजा, सर्व्हरकडे ३०० एमबीपीएस येतंय आणि ४०० जातंय, सगळं त्याच ट्रंकवरून. दोन्ही दिशा मिरर केल्या तर कॉपी झाली ७००ची, आणि ती सगळी एकाच दिशेने निघते. सर्व्हरचे मूळ ४००ही त्याच दिशेने. बेरीज ११००. ट्रंक १ जीबीपीएसचा असेल तर आता खरं ट्रॅफिकच ड्रॉप व्हायला लागतं. एका दिशेवर भागत असेल तर फक्त आरएक्स (आत येणारं) घ्या: ४०० अधिक ४००, म्हणजे ८००. आरएक्स इथे स्विचच्या बाजूने मोजायचं, म्हणजे सर्व्हरने पाठवलेलं. हे उलटं धरल्यामुळे तासन्‌तास वाया जातात.

सेटिंग असं: व्हीलॅन (स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) ९०० तयार करून त्यात 'रिमोट-स्पॅन' लिहा, ट्रंकवर त्याला परवानगी द्या. सर्व्हरकडच्या स्विचवर मिररिंग सेशनचा सोर्स म्हणजे सर्व्हरचं पोर्ट आणि डेस्टिनेशन म्हणजे रिमोट व्हीलॅन ९००. लॅपटॉपकडच्या स्विचवर याच्या उलट: सोर्स व्हीलॅन ९००, डेस्टिनेशन लॅपटॉपचं पोर्ट.

मधला स्विच मात्र हमखास विसरला जातो. त्याच्यावर ९०० नुसतं साधं व्हीलॅन म्हणून असेल, तर तो त्यात मॅक ॲड्रेस शिकत बसतो, म्हणजे कोणतं उपकरण कोणत्या पोर्टमागे आहे ते नोंदवतो. दोन्ही दिशांच्या फ्रेम एकाच ट्रंकवरून आत येतात, त्यामुळे त्याच्या लेखी सर्व्हर आणि क्लायंट दोघंही त्याच पोर्टमागे. मग फ्रेम पुढे कशाला पाठवायची? तो ती टाकून देतो. लॅपटॉपवर सुरुवातीची चार पॅकेटं आणि ब्रॉडकास्ट दिसतात, बाकी सामसूम. 'रिमोट-स्पॅन' लावलं की त्या व्हीलॅनमध्ये मॅक शिकणं बंद होतं आणि फ्रेम पुढे जाते.

कॅप्चर आलं म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. सोर्स म्हणून पोर्टऐवजी अख्खं व्हीलॅन दोन्ही दिशांनी घेतलं, तर एकच पॅकेट आत येताना आणि बाहेर जाताना असं दोनदा दिसू शकतं. त्याला रीट्रान्समिशन (पुन्हा पाठवलेलं पॅकेट) समजू नका. वायरशार्क 'एसीके (पोच) आलं, पण सेगमेंट दिसलं नाही' अशी तक्रार करत असेल, तर पॅकेट समोरच्याला पोचलंय, गळालंय ते तुमच्या कॉपीतून. पाच मिनिटांची सरासरी बघून यात काही कळत नाही, क्षणभराच्या झटक्यातही बफर भरतो. डेस्टिनेशन पोर्टचे आउटपुट ड्रॉप बघा. सीआरसी (फ्रेम बिघडली का ते तपासणारा आकडा) चुकलेल्या फ्रेम मिररमध्ये सहसा येतच नाहीत, त्यामुळे खराब केबलचा संशय असेल तर पोर्टचे काउंटर वाचणंच बरं.

लिनक्सवर कॅप्चर करणार असाल तर आधी एथटूल कमांडने जीआरओ आणि एलआरओ (आलेली पॅकेटं जोडून मोठी करणाऱ्या सोयी) बंद करा. नाहीतर १५०० एमटीयूच्या (पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) नेटवर्कवर चक्क आठ-दहा हजार बाइटची पॅकेटं दिसतात.

काम झालं की सेशन काढून टाका. तोवर डेस्टिनेशन पोर्टवर नेहमीचं नेटवर्क चालत नाही, आणि पुढच्या माणसाने तिथे पीसी लावला तर त्याला आयपीसुद्धा मिळणार नाही.