पट्टी ताणू नये

रविवार, रात्री साडेदहा

काल मोठ्या ऐटीत झोपलो. जुन्या व्हिडिओ गेम मशीनच्या डाव्या बाजूच्या कडेवरची प्लास्टिकची पट्टी बसवून पूर्ण झाली होती आणि पडवीतला दिवा मालवण्याआधी मी दोनदा जाऊन तिच्यावरून बोट फिरवून आलो होतो. सकाळी चहाचा कप घेऊन बघतो तर खालच्या टोकाला ती बोटाच्या पेराएवढी वर सरकलेली आणि खालचं लाकूड उघडं.

कुडाळकडच्या एका बंद पडलेल्या गेम पार्लरमधलं हे मशीन. आमच्यासाठी ते ‘मुस्तफा’चं. कॅपकॉमने १९९३ साली काढलेल्या त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर चार गड्यांतल्या एकाच्या नावानेच सगळा कारभार चालायचा.

ही पट्टी म्हणजे आडवी केलेली इंग्रजी टी. डोकं बाहेर दिसतं, शेपूट कडेच्या मधोमध पाडलेल्या खाचेत जातं. शेपटाला गळाला असतो तसा उलटा काटा असतो, त्यामुळे आत जाते ती सहज, बाहेर यायला मात्र कुरकुरते. चांगल्या खाचेत गोंद लागत नाही, खिळा तर नाहीच. खाच जेमतेम दीड मिलिमीटरची. आमच्या मशीनची ती चांगली राहिली असती तर ना! तळाचा पार्टिकल बोर्ड किती पावसाळे प्यायला होता कोण जाणे, पावासारखा फुगून भुसा सांडत होता. शेजारच्या सुतारकाकांनी त्या भागात फेविकॉलमध्ये भुसा कालवून भरला, दोन दिवस वाळू दिला, कानशीने सपाट केला आणि लाकडाच्या कडा कापायच्या ट्रिमर यंत्राला चकतीचं पातं लावून खाच नव्याने पाडली.

एवढं सगळं त्यांनी केलं आणि पट्टी बसवायचं सोपं काम माझ्याकडे दिलं. सोपं!

सकाळी त्यांना बोलावलं. आले, वाकले, नखाने पट्टी उचलून पाहिली.

“ताणलंस मां?”

“थोडी ओढली, काका. कमी पडेल असं वाटलं.”

“ती काय गळाची दोरी, ओढूक? ठोकीत जा.”

ओढलेली पट्टी रात्रभरात आपल्या मूळ लांबीवर परत येते, एवढंच गणित. काढताना काटे सोलवटले, म्हणून तो तुकडा बाद. नवीन तुकडा घेतला. यावेळी एका हाताने पट्टी सैल धरून दुसऱ्या हाताने रबरी हातोडी, चार चार बोटं पुढे.

खरी मजा वळणांची. बाहेरच्या गोलाईवर शेपूट आतल्या अंगाला राहतं, तिथे ते दाटतं आणि पट्टी फुगून उठते. म्हणून शेपटातून त्रिकोणी फाका काढाव्या लागतात. आतल्या गोलाईवर उलट, शेपूट ताणलं जातं, तिथे नुसती उभी चीर पुरते. हे मला पहिल्या वळणावर तीन इंच वाया घालवल्यावर उमगलं. डोक्याला ब्लेड लागू द्यायचं नाही, नाहीतर वळवल्यावर बाहेरून पांढरी रेघ दिसते. एक दिसते आहे. मार्की, म्हणजे माथ्यावरची गेमच्या नावाची पाटी, बसली की झाकेल, असं मी स्वतःला सांगितलंय.

कंट्रोल पॅनलच्या टोकाचं वळण सगळ्यात आवळ. बायकोचा हेअर ड्रायर मागून आणला आणि नेमकी लाईट गेली. काका म्हणाले, न्हाणीत पाणी तापलंय की. बादलीत कढत पाणी घेऊन पट्टीचं ते टोक त्यात मिनिटभर बुडवून ठेवलं, फडक्याने पुसलं, आणि ती शेवयीसारखी वळली. धरून ठेवली थंड होईपर्यंत. हात भाजला, पण सुरकुती एकही नाही.

उजवी बाजू झाली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. खाली चार बोटं पट्टी लोंबती सोडली आहे. रात्रभर तिला जे आकसायचं ते आकसू दे, सकाळी चहानंतर कापतो.