मॅनिकिनला नातेवाईक नसतात

"भेव नको घेऊ माय, टोच!"

ऊन लागून भरती झालेल्या आजीच नव्या सिस्टरला धीर देत होत्या. नागपूरचा मे महिना, अंगातलं पाणी आटलेलं, शीर काही सापडेना. पोरीच्या हातात २२ नंबरचा निळा कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घालायची बारीक नळी) आणि मागे आजींचा नातू, मोबाईल रोखून.

बीएस्सी नर्सिंगच्या ४ वर्षांत शीर शोधायला शिकवतात, चांगलं शिकवतात. पण मॅनिकिनच्या, म्हणजे सरावाच्या पुतळ्याच्या, रबरी हाताला डिहायड्रेशन होत नाही. "किती वेळा टोचता जी?" असंही त्याच्यामागून कोणी विचारत नाही.

पहिले काही महिने अनुभवी सिस्टर शेजारी हवी, तीही ड्युटी चार्टवर लिहून. (नाईटचं तर विचारूच नका.)

तुमच्या वॉर्डात नव्या मुलींच्या सोबतीला कोण असतं?